एकोणचाळिसावा मृत्यू

न्यायालयाचं दृश्य आहे. पाउल एर्लिख या शास्त्रज्ञाच्या नव्या औषधाने ३८ रुग्ण दगावले, हे औषध नसून हे खून आहेत, असा जाहीर आरोप डॉ. वोल्फर्ट नावाच्या त्याच्या हाडवैऱ्याने केला आहे आणि एर्लिखने त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला आहे. वोल्फर्टच्या बाजूने साक्षीला बोलावलं जातं एमिल फॉन बेरिंगला. घटसर्पावरच्या सीरमचा मानकरी आणि एकेकाळचा एर्लिखचा जिवलग मित्र. शरीरात रसायनं टोचून रोग बरे करण्याचा नाद सोड, असं त्याने एर्लिखला तोंडावर सुनावलेलं असल्यामुळे आता तो काय बोलणार हे सगळे धरूनच चाललेत. बेरिंग उलटतो. आपल्या मते या औषधाने आणखी एक, एकोणचाळिसावा मृत्यू घडवून आणला आहे, असं तो म्हणतो. आणि तो मेलेला म्हणजे खुद्द सिफिलिस.

संगीत नाटकात अशा जागेला 'वन्स मोअर' मिळाला असता. 'डॉ. एर्लिख्स मॅजिक बुलेट' हा १९४० सालचा हॉलिवूडपट जेव्हा जेव्हा पाहतो, तेव्हा या वाक्याला घशात आवंढा येतो आणि दोन मिनिटांनी स्वतःचाच राग येतो. कारण या एका चलाख बेरजेत आधीचे ३८ जण कुठे गेले ते कळतच नाही. त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा आपल्या लक्षात राहिलेला नसतो. पटकथाकारांनी आपल्या डोळ्यांदेखत मृतांच्या यादीत एक रूपक घुसवलं, आणि रूपकाच्या वजनाने यादीच झाकली गेली. तरीही हा चित्रपट मला मोठा वाटतो. ज्याचा नायक एक औषध आहे असे चित्रपट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातही हे औषध असं, की ते आज जगातल्या कुठल्याही केमिस्टकडे मिळणार नाही.

औषधाचं नाव साल्वर्सन. प्रयोगशाळेतला क्रमांक ६०६. जातीने आर्सेनिकचं, म्हणजे आपल्याकडे ज्याच्या पांढऱ्या भुकटीला सोमल म्हणत आणि ज्याच्या पुड्या रहस्यकथांमधून दुधाच्या पेल्यात पडत आल्या, त्याचं संयुग. एका विशिष्ट जंतूला गाठून मारण्यासाठी प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेलं आणि खरोखर गुण देणारं असं हे पहिलं मोठं औषध. १९१० ते १९४३ या काळात सिफिलिस झालेल्या माणसाला खरी आशा होती ती याची आणि याच्या भावंडांची.

वॉर्नर ब्रदर्सची ही निर्मिती, दिग्दर्शक विल्यम डीटर्ल. त्यांनी आधी लुई पाश्चर आणि एमिल झोला यांच्यावर चरित्रपट केले होते आणि एकाकी विद्वान विरुद्ध खुर्चीतले मठ्ठ लोक हा साचा त्यांच्या हातात पक्का बसला होता. एर्लिखच्या भूमिकेत एडवर्ड जी. रॉबिन्सन. 'लिट्ल सीझर'मधल्या गँगस्टरमुळे ज्याच्या हातात प्रेक्षकाला पिस्तुलाची सवय, त्याच्या हातात इथे परीक्षानळी. निवड विचित्र वाटते. पण रॉबिन्सनने दाढी, चष्मा आणि सिगार यांच्या आड स्वतःला इतकं बेमालूम दडवलंय की पहिल्या काही मिनिटांनंतर गँगस्टर आठवत नाही. खऱ्या एर्लिखच्या सिगार प्रसिद्ध होत्या. दिवसाला वीस-पंचवीस, त्याही कडक, आणि बगलेत सिगारची पेटी.

या चित्रपटाचा खरा विषय रंग आहे, आणि चित्रपट कृष्णधवल आहे. ही अडचण डीटर्ल आणि छायालेखक जेम्स वाँग हाउ यांनी ज्या रीतीने निभावली ती आधी पाहायला हवी. एर्लिखचं सगळं शास्त्र एका साध्या कुतूहलातून उगवलं. कापड रंगवायचे कृत्रिम रंग पेशींवर टाकले तर एखादा रंग एकाच प्रकारच्या पेशीला धरतो आणि शेजारच्या पेशीला शिवतही नाही, असं का? जर्मनीत डांबरापासून रंग काढणारे कारखाने तेव्हा जोरात होते आणि एर्लिखची बोटं कायम निळी-जांभळी. त्याच्या मनातली उडी अशी: रंग जर निवडून चिकटतो, तर विषही निवडून चिकटवता येईल. जंतूला धरेल, माणसाला सोडेल असं विष. मॅजिक बुलेट ती हीच. १८९१ साली त्याने मेथिलीन ब्लू या रंगाने हिवतापाचे रुग्ण बरे करून पाहिले. १९०४ मध्ये शिगा या जपानी सहकाऱ्याबरोबर ट्रिपॅन रेड या रंगाने उंदरांच्या रक्तातले परजीवी मारून पाहिले. रंगाकडून औषधाकडे जाणारी ही वाट पडद्यावर दाखवायची, आणि पडद्यावर रंगच नाहीत.

मग चित्रपट काय करतो? तो रंग दाखवायच्या भानगडीत पडत नाही. रंग पाहणारा माणूस दाखवतो. क्षयाच्या जंतूचा प्रसंग घ्या. १८८२ साली बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, त्या सभेला एर्लिख हजर होता. जंतू सापडला खरा, पण तो चटकन दिसावा अशी रंगवायची पद्धत हवी होती. एर्लिख काचपट्ट्यांवर रंग चढवतो, मनासारखं जमत नाही, काचपट्ट्या शेगडीवर वाळत राहतात. नंतर कुणीतरी थंडी म्हणून ती शेगडी पेटवतं, आणि उष्णतेमुळे रंग जंतूत पक्का बसतो. ही आख्यायिका एर्लिखच्या चरित्रात आहेच. सूक्ष्मदर्शकावर वाकलेला रॉबिन्सन, आणि वर आल्यावर त्याचा चेहरा. पडद्यावर काळं-पांढरंच आहे, पण त्या चेहऱ्यावर रंग दिसतो. आपल्याकडे आजही सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करताना निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या शोधतात. त्या पद्धतीचं मूळ एर्लिखच्या त्या खटाटोपात आहे. सिनेमात शास्त्र दाखवताना बहुतेक दिग्दर्शक उकळणाऱ्या नळ्या आणि धूर दाखवतात. डीटर्लने पाहणं दाखवलं.

या सभेतला कॉख झालाय अल्बर्ट बासरमान. जर्मन रंगभूमीवरचा अग्रगण्य नट. पत्नी ज्यू, म्हणून हिटलरच्या काळात देश सोडून आलेला, इंग्रजी जेमतेम येणारा, संवाद उच्चारावरून घोकून म्हणणारा. कॉखच्या तोंडी वाक्यं थोडी आहेत, पण ती ज्या सावकाश अधिकाराने येतात ते पाहताना आपण विसरतो की या माणसाला आपण काय बोलतोय ते कदाचित शब्दागणिक ठाऊक नसेल. दिग्दर्शक डीटर्लही जर्मनीहून आलेला, पटकथेतला एक हात हाइन्झ हेराल्डचा, तोही तिकडचाच. संगीतकार मॅक्स स्टायनर व्हिएन्नाचा. रॉबिन्सन स्वतः बुखारेस्टमध्ये जन्मलेला, मूळ नाव इमॅन्युएल गोल्डनबर्ग. घर सोडून आलेल्या माणसांनी घराची गोष्ट सांगितलेली आहे, हे लक्षात ठेवून चित्रपट पाहिला तर त्याच्या काही गप्प जागा बोलायला लागतात. त्याबद्दल पुढे.

आधी जेवणाचं दृश्य, कारण माझ्या मते चित्रपटाचा कळस तो आहे, न्यायालय नव्हे. फ्रांझिस्का श्पायर ही श्रीमंत बँकरची विधवा. मारिया उस्पेन्स्काया या छोट्या चणीच्या, मॉस्को आर्ट थिएटरच्या तालमीत तयार झालेल्या अभिनेत्रीने ती उभी केली आहे. सरकारी समितीने एर्लिखच्या पैशाला कात्री लावलेली, आणि तो या बाईंच्या घरी जेवायला आलेला. टेबलाभोवती प्रतिष्ठित मंडळी. यजमानीणबाई सहज विचारतात, सध्या कशावर काम चाललंय? एर्लिख तितक्याच सहज सांगतो: सिफिलिस.

त्यानंतर जी शांतता पसरते ती विनोदी आहे आणि भयंकरही. रॉबिन्सनचं कौशल्य असं, की त्याचा एर्लिख धाडस म्हणून तो शब्द उच्चारत नाही. आपण काही आगळीक केली हे त्याच्या गावीही नसतं. डॉक्टर माणूस, रोगाचं नाव घेतो. लाज टेबलाभोवतीच्या लोकांना वाटते. आणि म्हातारी? ती बिचकत नाही. ती त्याला आणखी विचारते, आणि पाहुणे दूर झाल्यावर हा गडी तिच्या पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर बेन्झिनची कडी, तिला जोडलेल्या साखळ्या, त्यात अडकणारं आर्सेनिक असं सगळं रेखाटत सुटतो. खऱ्या एर्लिखला ही खोडच होती. शर्टाच्या कफवर, हाताशी येईल त्या कागदावर सूत्रं काढायचा. पण चित्रपटात त्या खोडीचं जे झालंय ते बघण्यासारखं आहे. बाईंच्या घरातली सगळ्यात जपलेली, इस्त्रीची, खानदानी वस्तू त्या रोगाच्या सूत्रांनी भरून जाते आणि बाई ते होऊ देतात. देणगीचा कागद आपल्याला वेगळा दाखवायची गरजच उरत नाही. फ्रांकफुर्टमधली गेऑर्ग-श्पायर-हाऊस ही संस्था तिच्या पैशातून १९०६ साली उभी राहिली. साल्वर्सन तिथेच जन्मलं.

या दृश्याची धार १९४० च्या अमेरिकेत किती होती याची कल्पना आज येणार नाही. हॉलिवूडने स्वतःवर लादून घेतलेल्या नियमावलीत गुप्तरोग हा चित्रपटाचा विषय होऊ शकत नाही, असा स्पष्ट नियम होता. वॉर्नरना सवलत मिळाली, पण जाहिरातीत त्या रोगाचं नाव येता कामा नये या बोलीवर. त्याआधी १९३४ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे आरोग्य आयुक्त टॉमस पॅरन यांचं रेडिओवर भाषण ठरलं होतं. सिफिलिस हा शब्द उच्चारायचा नाही असं सांगितल्यावर ते भाषण न करताच परतले. म्हणजे श्पायरबाईंच्या टेबलाभोवती बसलेले पाहुणे १९०० च्या सुमाराचे जर्मन असले, तरी त्यांचे चेहरे प्रेक्षकांचे होते. थिएटरात बसलेल्या कित्येकांच्या दंडावर त्याच आठवड्याच्या इंजेक्शनची खूण असणार, आणि शेजारच्या खुर्चीला त्याचा पत्ता नसणार.

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? सिफिलिसला 'गरमी' म्हणत, आणि तो शब्दही कुजबुजतच बोलायचा. रघुनाथ धोंडो कर्वे त्याच वर्षांमध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते आणि लैंगिक आरोग्यावर स्वच्छ मराठीत लिहिल्याबद्दल अश्लीलतेचे खटले झेलत होते; त्यातल्या एकात त्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. कर्व्यांनी हा चित्रपट पाहिला असता तर जेवणाच्या दृश्याला मोठ्याने हसले असते, असं मला उगाच वाटतं.

आता औषधाकडे येऊ, कारण चित्रपट इथे फार घाई करतो. चित्रपटात ६०६ म्हणजे ६०५ अपयशांनंतर आलेलं यश. चिकाटीची गोष्ट म्हणून हे छानच. प्रत्यक्षात घडलं ते जास्त गमतीदार आणि जास्त माणसाळलेलं होतं. आर्सेनिकचं अॅटॉक्सिल नावाचं एक संयुग आधीपासून माहीत होतं. आफ्रिकेतल्या निद्रारोगावर कॉखने ते पूर्व आफ्रिकेत वापरलं. जंतू हटले, पण काही रुग्णांची दृष्टी गेली. नाव 'विषारी नसलेलं' अशा अर्थाचं आणि करणी ही. एर्लिख आणि त्याचा रसायनज्ञ आल्फ्रेड बेर्टहाइम यांनी अॅटॉक्सिलच्या रेणूची रचना सगळे समजत होते तशी नाही हे दाखवलं, आणि मग त्या रेणूला हवं तसं वळवायची वाट खुली झाली. शेकडो संयुगं झाली. ६०६ हे बेर्टहाइमने १९०७ मध्येच बनवलं होतं. चाचणीत ते निरुपयोगी ठरवून फडताळात टाकलं गेलं. १९०९ साली टोकियोहून, जंतुशास्त्रज्ञ किटासाटोंच्या संस्थेतून, साहाचिरो हाता आला. सशांना सिफिलिस लावून तो टिकवण्याची हातोटी त्याच्याकडे होती. एर्लिखने त्याला जुनी संयुगं पुन्हा पहिल्यापासून तपासायला सांगितली. त्याने टाकून दिलेलं ६०६ सशाला टोचलं आणि जखमा भरून आल्या. नव्या संशोधनाने नव्हे, जुन्या निकालावर अविश्वास दाखवल्याने हे औषध सापडलं. चित्रपटात हाता आहे, पण ही फेरतपासणी नाही. आणि खरं नाट्य त्या फडताळात होतं.

जे औषध सापडलं ते दिसायला कसं होतं? फिकट पिवळी भुकटी, काचेच्या बंद कुपीत. हवा लागली की तिचं रूप पालटून ती आणखी विषारी व्हायची, म्हणून कुपीत हवा ठेवायची नाही. कुपी फोडली की डॉक्टरने चटचट हात चालवायचे. भुकटी पाण्यात विरघळवायची. ते द्रावण चांगलंच आम्लधर्मी, तसंच टोचणं धोक्याचं. म्हणून त्यात कॉस्टिक सोड्याचे थेंब सोडायचे. काही थेंबांनंतर सगळं गढूळ होऊन साका बसतो, डॉक्टरला वाटावं बिघडलं. आणखी थेंब सोडत गेलं की साका विरघळतो आणि द्रावण पुन्हा नितळ, पिवळं होतं. तेच, तेव्हाच, लगेच द्यायचं. पहिल्यांदा ते स्नायूत टोचत. रुग्ण वेदनेने कळवळत, गाठी येत, कधी तिथलं मांस सडे. पुढे शिरेतून द्यायला लागले, उंचावर टांगलेलं काचेचं भांडं, रबरी नळी, सुई. शिरेबाहेर थोडं निसटलं तरी दंड भाजून निघे. काही डॉक्टर म्हणाले, दोष औषधात नाही, नीट ऊर्ध्वपातन न केलेल्या पाण्यात आहे. कारखान्यात बनलेलं हे रसायन प्रत्येक वेळी सारखं उतरतं की नाही हे केवळ रासायनिक चाचणीने कळत नसे. म्हणून हेक्स्ट या रसायन कंपनीच्या कारखान्यातून निघालेली प्रत्येक खेप आधी श्पायर-हाऊसमध्ये प्राण्यांना टोचून बघत आणि मगच बाजारात सोडत.

एप्रिल १९१० मध्ये वीसबाडेनच्या परिषदेत ६०६ जाहीर झालं. त्यानंतर एर्लिखने विक्रीची घाई केली नाही. वर्षअखेरपर्यंत सुमारे ६५,००० मात्रा डॉक्टरांना फुकट वाटल्या आणि त्यांच्याकडून रुग्णांच्या नोंदी मागवल्या. एवढ्या मोठ्या प्रमाणावर आधी पडताळणी आणि मग विक्री, हे तेव्हा नवं होतं. डिसेंबरमध्ये हेक्स्टने ते साल्वर्सन नावाने बाजारात आणलं. १९१२ मध्ये विरघळायला सोपं असं निओसाल्वर्सन आलं, क्रमांक ९१४. साल्वर्सनच्या आधी रुग्णाला काय होतं? पारा. युरोपात शतकानुशतकं पारा चोळत, पाऱ्याची धुरी घेत, लाळ गळेस्तोवर. आपल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात सोळाव्या शतकात या रोगाचं वर्णन फिरंगरोग म्हणून येतं, फिरंग्यांबरोबर आलेला रोग, आणि उपाय तिथेही रसकर्पूर, म्हणजे पाराच. त्यामुळे १९१० साली तोंडातले आणि गुप्तांगावरचे व्रण काही दिवसांत सुकताना पाहून लोकांना वेड लागायचं बाकी राहिलं. एर्लिखकडे पत्रांचा पाऊस पडला.

पण रोग मुळातून जायचा तर एका सुईने भागत नसे. पुढे ठरलेला शिरस्ता असा होता: दर आठवड्याला सुई, काही आठवडे आर्सेनिक, मग काही आठवडे बिस्मथ, पुन्हा आर्सेनिक, असं वर्षभर आणि वर. मधेच कावीळ, अंगभर पुरळ, क्वचित मेंदूला सूज. अर्ध्यावर सोडणारे पुष्कळ. जादूची गोळी म्हणावं, तर ती नेम धरून मारली तरी छर्रे उडत होते. चित्रपटात हे छर्रे फक्त ३८ या आकड्यात उरतात. एर्लिखने कागदावर मांडलेली या औषधाची रचनाही, दोन आर्सेनिकांमध्ये दुहेरी बंध असलेली, पाठ्यपुस्तकांनी जवळजवळ शतकभर जपली. २००५ मध्ये न्यूझीलंडच्या रसायनज्ञांनी दाखवलं की प्रत्यक्षात ते तीन-तीन आणि पाच-पाच आर्सेनिकांच्या कड्यांचं मिश्रण होतं. मला याने एर्लिख लहान होत नाही. उलट, रचना चुकलेली असताना परिणाम बरोबर ओळखणारा माणूस जास्त मोठा वाटतो. पैसा, सबुरी, हातोटी आणि नशीब या चार गोष्टी लागतात, असं तो म्हणे, आणि त्यात त्याने नशीब वगळलं नव्हतं.

न्यायालयाकडे परत. खरा खटला १९१४ च्या जूनमध्ये फ्रांकफुर्टला चालला. वोल्फर्ट काल्पनिक आहे. आरोपी होता कार्ल वासमान नावाचा पत्रकार. दावा एर्लिखचा नव्हता, तो साक्षीदार होता. बेरिंगची ती जोरदार साक्ष पटकथेची देणगी. इतिहासात घटसर्पाच्या सीरमच्या पैशावरून दोघांचं बिनसलेलं होतं. आणि वासमानचा आरोप काय होता? फ्रांकफुर्टच्या सरकारी रुग्णालयात वेश्यांना त्यांच्या मर्जीविरुद्ध साल्वर्सन टोचलं जातं, असा. न्यायालयाने त्याला वर्षाची कैद दिली. चित्रपटाने खटला घेतला, मृत्यू घेतले, पण त्या बायका सपशेल गाळल्या. सिफिलिसचं नाव जेवणाच्या टेबलावर घ्यायची हिंमत होती. तो रोग ज्यांच्यावर ढकलून समाज मोकळा होत असे त्यांना पडद्यावर आणायची नव्हती. १९४० च्या नियमावलीत ते शक्य नव्हतं हे मान्य. तरी त्या बायका साक्षीला आल्या असत्या तर एकोणचाळिसाव्या मृत्यूचं वाक्य इतकं सहज उच्चारता आलं नसतं.

दुसरी गाळलेली गोष्ट अधिक बोचते. एर्लिख ज्यू होता, धर्म न बदललेला ज्यू, आणि विद्यापीठात पूर्ण प्राध्यापकपद मिळायला त्याला १९१४ साल उजाडावं लागलं, नोबेल मिळून सहा वर्षं झाल्यावर. चित्रपटात तो ज्यू असल्याचं कुठेही उघड येत नाही. युरोपात युद्ध पेटलेलं, जर्मनीत एर्लिखच्या नावाचा रस्ता बदललेला, पत्नी हेडविगला देश सोडावा लागलेला. आणि ज्यांना हे सगळं स्वतःच्या अंगावर माहीत होतं ती माणसं कॅमेऱ्याच्या अलीकडे-पलीकडे उभी. स्टुडिओला राजकीय चित्रपट नको होता. मग शेवटच्या दृश्यात मरणासन्न एर्लिख सहकाऱ्यांना सांगतो की शरीराच्या रोगांसारख्याच लोभाच्या, द्वेषाच्या, अज्ञानाच्याही साथी येतील आणि त्यांच्याशीही लढावं लागेल. भाषण म्हणून ते जरा उंच पट्टीत जातं आणि रॉबिन्सनलाही ते पेलायला जड जातं. पण डीटर्ल, बासरमान, हेराल्ड यांना जे म्हणायचं होतं आणि म्हणू दिलं गेलं नाही, ते एवढ्याच फटीतून बाहेर आलंय, हे कळल्यावर त्या उंच पट्टीला क्षमा करावीशी वाटते.

ज्या रुग्णालयावर वासमानने आरोप केला होता तिथले त्वचारोगतज्ज्ञ होते कार्ल हेर्क्सहाइमर. साल्वर्सनचे सुरुवातीचे प्रयोग करणाऱ्यांपैकी एक. जंतू एकदम मरायला लागले की रुग्णाला जी थंडी-तापाची हुडहुडी भरते तिला आजही जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी यारिश-हेर्क्सहाइमर प्रतिक्रिया म्हणतात. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा हेर्क्सहाइमर फ्रांकफुर्टमध्येच होते, ऐंशीच्या घरात. ज्यू असल्याने १९४२ मध्ये त्यांना टेरेसिनच्या छावणीत नेलं आणि त्याच वर्षी ते तिथे वारले.

राहिलं घटसर्पाचं दृश्य. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. रुग्णालयात घटसर्पाने गुदमरणारी मुलं. नवं सीरम निम्म्या मुलांना द्यायचं आणि निम्म्यांना नाही, म्हणजे तुलना होईल, असा वरून हुकूम. शास्त्राच्या दृष्टीने हुकूम चुकीचा नाही. आजचा कुठलाही संशोधक तुलनेसाठी गट मागेलच. पण दाराशी आया उभ्या आहेत. एर्लिख थोडा वेळ हुकूम पाळतो आणि मग सगळ्यांनाच सीरम देऊन टाकतो. रॉबिन्सनने इथे आवाज अजिबात चढवलेला नाही. नियम मोडणारा माणूस तो नियम का असतो हे पुरतं जाणतो, आणि तरीही मोडतो. नायकपणाचा आव न आणता केलेलं हे काम मला चित्रपटातलं सर्वांत कठीण काम वाटतं. खऱ्या एर्लिखचं घटसर्पातलं काम वेगळं, कमी नाट्यमय होतं. सीरमची ताकद मोजायचं माप त्याने ठरवून दिलं, म्हणून प्रत्येक बाटली सारखी उतरू लागली. ते दृश्यात मावलं नसतं.

१९४३ मध्ये पेनिसिलिनने सिफिलिस बरा होतो हे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या जॉन महोनी यांनी दाखवलं, आणि काही वर्षांत पिवळी भुकटी, कॉस्टिक सोडा, रबरी नळी हे सगळं अडगळीत गेलं. त्याच वर्षी त्याच सेवेने या चित्रपटाची छाटलेली, अर्ध्या तासाच्या आसपासची शैक्षणिक आवृत्ती तयार करून घेतली, लोकांनी सिफिलिसवर वेळेत उपचार घ्यावेत म्हणून दाखवायला. आणि तीच सेवा १९३२ पासून अलाबामातल्या टस्कीगीला सुमारे ४०० काळ्या पुरुषांमधला सिफिलिस उपचारांविना कसा वाढतो हे नुसतं पाहत होती, तुलनेला निरोगी २०० जण ठेवून. हुकूम मोडून सगळ्यांना औषध देणारा तिथे कुणी निघाला नाही. पेनिसिलिन आल्यावरही ते चालू राहिलं, १९७२ पर्यंत.